प्लग उपटू का? रास्पबेरी पायवाल्यांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या अॅम्पला रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, जोडून घरच्या घरी म्युझिक स्ट्रीमर कसा करायचा ते दिलं होतं. त्यावर जे मेल आणि व्हॉट्सॅप आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहेत, की बाबा हे बंद कसं करायचं? लोकांचं चुकत नाही, 2012 साली पहिला पाय आला तेव्हापासून थेट 2023 च्या पाय 5 पर्यंत या साध्या बोर्डाला चालू-बंदचं बटणच दिलेलं नव्हतं, वायर लावली की चालू आणि काढली की बंद, आणि ‘काढली की बंद’ इथेच सगळी गोची आहे. तर यावेळचं सदर फक्त त्याच्यावर. एक सूचना, कमांडी आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत उच्चारासारखी छापलीयेत, टाइप करताना इंग्रजीतच करायची.

प्रश्न : सर, माझ्याकडे पाय 3 बी प्लस आहे, त्यावर डॅक हॅट (पायवर बसणारा आवाजाचा छोटा बोर्ड) आणि मूड ऑडिओ ही गाणी वाजवायची सिस्टिम टाकलंय. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतो, टीव्हीचं करतो तसंच. काही महिने मस्त चाललं. आता लाल लाइट लागतो पण हिरवा लुकलुकत नाही आणि मोबाइलवर पेज उघडत नाही. दुकानदार म्हणतो सिस्टिम असलेलं मेमरी कार्ड डुप्लिकेट होतं, मुलगा म्हणतो बाबा तुम्ही बटण बंद करता म्हणून झालं. खरं कोणाचं?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, दोघांचंही थोडंथोडं खरं असू शकतं पण पारडं मुलाचं जड आहे.

पाय नुसती गाणी वाजवत असला तरी मागे काही ना काही कार्डावर लिहीत असतो, लॉग, गाण्यांची लायब्ररी, कुठलं गाणं कुठपर्यंत वाजलं त्याची नोंद. गाणी वाजवणारा मूळ प्रोग्राम एमपीडी, तोच मूडमध्येही आहे, तो आपली अवस्था स्टेट फाइल नावाच्या फायलीत मूळ सेटिंगप्रमाणे दर 120 सेकंदांनी लिहितो. आता मेमरी कार्डाची गंमत अशी की त्याला एक ओळ बदलायची असली तरी आख्खा मोठा ब्लॉक दुसरीकडे उतरवून काढावा लागतो, म्हणजे मुनीमजींना चोपडीत एक आकडा बदलायला सगळं पान नव्याने लिहायला लागावं आणि नेमके मध्येच दिवे जावेत. त्या पानावर तुमच्या गाण्याच्या नोंदीशेजारी सिस्टिमची एखादी महत्त्वाची फाइल असली तर तीही गेली, तिला कोणी हात लावला नव्हता तरी. म्हणून बऱ्याच जणांचं वर्षभर काही होत नाही आणि एखाद्याचं आठवड्यात होतं, बटण कुठल्या क्षणी पडलं त्यावर आहे.

नीट बंद करायची पद्धत सोपी आहे. मूडच्या मेन्यूत पॉवर, तिथे शटडाउन. व्होल्युमिओ ही मूडसारखीच दुसरी सिस्टिम वापरणाऱ्यांनाही शटडाउन तिथे मेन्यूतच मिळेल. दाबल्यावर लगेच उठून भिंतीकडे जाऊ नका, हिरवा लाइट बघत बसा, तो काही वेळ लुकलुकेल आणि मग विझेल, विझल्यावर अजून पाचेक सेकंद जाऊ द्या आणि मग बटण. लाल लाइट लागलेलाच राहणार, त्याचा अर्थ फक्त बोर्डाला करंट मिळतोय एवढाच, त्यावरून चालू आहे की बंद ते ठरवायचं नाही. डॅकवरचा लाइटही तसाच लागलेला राहील कारण शटडाउननंतरही हॅटला पाच व्होल्ट मिळत असतात.

कार्ड टाकून देऊ नका हां. बहुतेक वेळा कार्ड मेलेलं नसतं, त्याच्यावरचं लिखाण बिघडलेलं असतं, इमेज, म्हणजे सिस्टिमची आख्खी प्रत, परत लिहिली की चालू पडतं. दुकानदाराच्या म्हणण्याची शहानिशा करायची तर लॅपटॉपला लावून एच2टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम चालवा, लिनक्सवाल्यांसाठी एफ3 आहे, कार्डावर छापलेत तेवढे जीबी खरंच आहेत का ते तो भरून बघतो. नवीन घ्यायचंच असेल तर सीसीटीव्ही आणि गाडीच्या कॅमेऱ्यासाठी जी हाय एन्ड्युरन्स कार्डं येतात ती घ्या. आणि एकदा सगळं मनासारखं सेट झालं की त्या कार्डाची कॉपी दुसऱ्या कार्डावर करून ड्रॉवरमध्ये टाकून द्या, पुढच्या वेळी दहा मिनिटांत गाणी सुरू.

हो आणि चार्जर बघा. पाय 3 ला 5 व्होल्ट अडीच अँपियर लागतात. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक लांबलचक केबल असली की बोर्डापर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं, 4.63 च्या खाली गेलं की पाय ते कमी समजतो आणि लाल लाइट मिणमिणायला लागतो. असं होत असेल तर कोणी बटण बंद न करताही कार्ड खराब होऊ शकतं, कारण ते लाइट गेल्यासारखंच झालं ना. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडी टाइप करायच्या खिडकीत, ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ टाइप करा, उत्तरात 0 एक्स 0 आलं तर ठीक, 0 एक्स 50000 आलं तर चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडून गेलंय. आधी चार्जर-केबल बदला, मग बाकीचं.

प्रश्न : मी पुण्यात असतो, आईबाबा रत्नागिरीजवळ गावी. बाबांना पाय 4 वर पेन ड्राइव्हमधली नाट्यगीतं, अभंग आणि दोन-तीन रेडिओ स्टेशनं लावून दिलीयेत. प्रॉब्लेम असा की ढग गडगडले की बाबा घरातले सगळे प्लग उपटतात. मी कितीदा सांगितलं की आधी मोबाइलवरून शटडाउन करा, ते म्हणतात वीज पडायची वाट बघू का मी. दर पावसाळ्यात कार्ड कुरियरने पाठवतोय.
— आयटीवाला, पुणे

उत्तर : बाबांचं शंभर टक्के बरोबर आहे, त्यांना काही सांगायला जाऊ नका. कोकणात मे अखेरीस आणि परतीच्या पावसात ज्या विजा होतात त्यात प्लग उपटणं हाच खरा उपाय, उलट त्यांना म्हणावं राउटरकडून येणारी लॅन केबल पण काढत जा, वीज त्या वायरीतूनही येते. बदलायचाय तो पाय, बाबा नाही.

म्हणजे असं करायचं की पाय कार्डावर काही लिहिणारच नाही. तुमच्यासारख्या केसला मी साधं रास्पबेरी पाय ओएस लाइट घेऊन त्यावर एमपीडी टाकेन. सगळं सेट करा, प्लेलिस्ट करा, आवाज बाबांना बरा वाटतो तेवढा ठेवा, गाणं वाजत ठेवा आणि ते वाजत असतानाच नीट शटडाउन करा. परत चालू केलं की एमपीडी स्टेट फाइल वाचतो आणि आपणहून वाजायला लागतो, फक्त सेटिंगमध्ये ‘रिस्टोअर_पॉझ्ड’ हे यस नको. असं नीट चालतंय याची खात्री झाली की ‘रास्पी-कॉन्फिग’ उघडायचं, परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम आहे ती चालू करायची, बूट पार्टिशन रीड-ओन्ली करू का विचारेल त्याला हो म्हणायचं. यानंतर जे काय लिखाण होईल ते रॅममध्ये, कार्डाला कोणी हात लावत नाही. प्लग उपटला की रॅममधलं गेलं, दुसऱ्या दिवशी लावला की पाय पुन्हा तुम्ही ठेवला होता त्याच जागेवर. बाबांनी प्लेलिस्टमध्ये काही उलटसुलट केलं असेल तरी सकाळी सगळं जागच्या जागी, हा बोनसच म्हणा.

पेन ड्राइव्हही रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरता जोडा, एफएसटॅब (कुठला ड्राइव्ह कसा जोडायचा ते सांगणारी फाइल) मधल्या त्याच्या ओळीत ‘आरओ’ लिहिलं की झालं. हे लोक विसरतात, कार्डाची एवढी काळजी घेतात आणि गाण्यांचा ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटचा, त्याला जर्नल (काय लिहिणं चाललंय त्याची आधी केलेली नोंद) वगैरे काही नसतं, मध्येच काढला की फोल्डर गायब. नवीन गाणी टाकायला गणपतीत गावी जालच तेव्हा ओव्हरले बंद करून, गाणी भरून, परत चालू करायचं.

पायकोअरप्लेअर ही गाण्यांसाठीची तयार सिस्टिम का नको असं कोणी विचारेल. तेही उत्तम आहे, टायनी कोअर लिनक्सवर बेतलेलं, चालू होताना सगळं रॅममध्ये चढतं, त्यामुळे उपटा कधीही. पण त्याला गाणी पुरवायला लिरियन सर्व्हर लागतो, तोच जो आधी लॉजिटेक मीडिया सर्व्हर होता, आणि तो सर्व्हर त्याच पायवर टाकला की आपला डेटाबेस कार्डावर लिहिणार, म्हणजे आलं परत तिथेच. घरात दुसरा कॉम्प्युटर कायम चालू असेल त्यांनी जरूर वापरावं.

प्रश्न : दादा, मला एकच बटण हवंय, दाबलं की चालू, दाबलं की बंद. नेटवर बघून पिन 5 आणि 6 मध्ये पुश बटण लावलं, कॉन्फिग फायलीत जीपीआयओ-शटडाउनची ओळ टाकली. बटण झकास चालतं पण डॅक गायब! ओळ काढली की डॅक येतो, बटणाने बंद होणं जातं. डोकं फिरलंय.
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : डोकं फिरवू नकोस, तुझं जोडणीत काहीच चुकलेलं नाही, एकाच पिनवर दोघांनी हक्क सांगितलाय.

बोर्डावरच्या कामाच्या पिनांना जीपीआयओ म्हणतात आणि त्यांचे नंबर वेगळे असतात, 40 पिनांमधली 5 नंबरची पिन म्हणजे जीपीआयओ 3. पाय 4 पर्यंतच्या बोर्डांत झोपलेला पाय ज्या पिनने उठतो ती हीच, शटडाउन झाल्यावर तिला शेजारच्या 6 नंबरच्या ग्राउंडला क्षणभर टेकवलं की बोर्ड बूट होतो, त्याला कुठलीही सेटिंग लागत नाही. आणि ‘डीटीओव्हरले’च्या (हा ओव्हरले वरच्या ओव्हरले फाइल सिस्टिमहून वेगळा) पुढे जीपीआयओ-शटडाउन लिहिलं आणि पिन सांगितली नाही की बंद करायलाही तो हीच पिन घेतो. पण हीच पिन आय-स्क्वेअर-सी बसची (चिपा एकमेकींशी बोलतात त्या वायरींची) क्लॉक लाइन आहे, आणि पीसीएम 5122 चिप असलेले डॅक त्याच बसवरून पायशी बोलतात, आवाज कमी-जास्त करणं वगैरे. ओव्हरलेने पिन बळकावली की डॅक मुका, ड्रायव्हर म्हणतो समोर कोणी नाहीच.

तुझा डॅक कुठला ते कॉन्फिग फायलीवरून कळेल. ती फाइल रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये गेलीये, जुन्या ट्युटोरियलमध्ये बघून बरेच जण चुकीच्या जागी लिहितात आणि काही होत नाही म्हणून बसतात. तिथे हायफायबेरी-डॅक असं असेल तर तो पीसीएम 5102 वाला साधा डॅक, त्याला ही बस लागत नाही, एकच बटण बिनधास्त चालेल. हायफायबेरी-डॅकप्लस असं असेल तर भांडण होणारच, तुझं तेच आहे बहुतेक.

मग दोन बटणं लाव. चालू करायचं आहे तिथेच राहू दे, 5 आणि 6 वर, फक्त ओव्हरलेची ती ओळ बदलून तिच्यापुढे स्वल्पविराम देऊन ‘जीपीआयओ_पिन=17’ असं लिही आणि बंद करायचं दुसरं बटण जीपीआयओ 17 ला, म्हणजे पिन 11 ला, ग्राउंडसाठी पिन 9 घे, शेजारीच आहे. डॅकचा ऑडिओ 18 ते 21 या जीपीआयओंवर चालतो त्याला धक्का लागत नाही, पण काही हॅट म्यूटसाठी वगैरे आणखी पिना वापरतात, तुझ्या हॅटचा पिनांचा तक्ता एकदा बघून घे. चालू करायचं बटण गाणी वाजत असताना दाबायचं नाही, बस अडकून आवाजाचा कंट्रोल गोंधळू शकतो, म्हणून मी ते केसच्या मागच्या बाजूला लावेन, पाहुण्यांच्या पोरांचा हात पोचणार नाही असं.

बटण कुठलंही साधं पुश-टू-ऑन चालतं, दाबून राहणारं नको. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चिल्लरमध्ये मिळतात, नाशिकला पण मिळतील. हॅटने सगळ्या पिना झाकल्या असतील तर हॅटवरच वर रिकामी भोकं दिलेली असतात का बघ, तिथे दोन वायरी डाग मारायच्या, नाहीतर लांब पायांचा स्टॅकिंग हेडर घालायचा. आणि बोर्डावर रन लिहिलेली दोन भोकं दिसतील, तिथे बटण लावा असं कोणीतरी सांगेलच, ते रीसेट आहे, चालू असताना दाबलं म्हणजे प्लग उपटल्यासारखंच.

तयार काही हवं असेल तर पिमोरोनी कंपनीचं ऑनऑफ शिम येतं, त्यात बटण दाबलं की आधी शटडाउन आणि मग वीजच तोडतो, पण तो जीपीआयओ 17 आणि 4 वापरतो, तेव्हा आधी तक्ता बघ, मग पैसे टाक.

प्रश्न : चोवीस तास चालू ठेवला तर बिल किती येईल? बायको विचारतेय.
— ठाणे

उत्तर : वहिनींना सांगा पाय 4 नुसता बसलेला असताना अडीच-तीन वॅट खातो. तीन धरले तर दिवसाला 72 वॅट-तास, महिन्याला दोन युनिटच्या जरा वर, वर्षाला 26 च्या आसपास. तुमच्या बिलावरचा दर लावून गुणा, महिन्याचा एक वडापाव फार तर. झिरो 2 डब्ल्यू त्याच्याहून बराच कमी घेतो.

खरं खाणारा तुमचा अॅम्प आहे, जुना क्लास एबी असेल तर काही न वाजवता पायच्या कितीतरी पट ओढतो आणि गरमही होतो. रोज रात्री बंद करायचा तर तो करा. माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे लाइट फारशी जात नाही त्यांनी पाय बंद करायच्या भानगडीतच पडू नये, राउटर कुठे आपण रोज बंद करतो? गावाला चाललात की शटडाउन करून प्लग काढायचा.

प्रश्न : आमच्याकडे लाइट जाऊन आली की पाय आपणहून चालू होतो पण रेडिओ लागत नाही, नॅसवरची (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवरची) गाणीही दिसत नाहीत. हाताने रीस्टार्ट केला की सगळं ठीक. इन्व्हर्टर आहे पण लाइट जाताना पाय तरी रीस्टार्ट होतोच, ते का?
— मेडिकल स्टोअरवाले, कोल्हापूर

उत्तर : ही तक्रार बऱ्याच जणांची आहे आणि लोक उगाच पायला शिव्या घालतात. लाइट आली की घरातलं सगळं एकदम उठतं. पाय अर्ध्या मिनिटात तयार होतो, राउटरला मात्र फायबरचं कनेक्शन धरून इंटरनेट यायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि नॅस त्याहून आळशी. पाय उठतो, नॅसला हाक मारतो, कोणी ओ देत नाही, तो नाद सोडतो, मग नॅस जागा झाला तरी परत विचारायला जात नाही. तुम्ही रीस्टार्ट करता तोपर्यंत बाकीचे उठलेले असतात, म्हणून चालतं.

रेडिओचं अजून एक आहे. पाय 4 पर्यंतच्या बोर्डात घड्याळच नाही, वेळ तो इंटरनेटवरून घेतो. इंटरनेट येईपर्यंत त्याच्या लेखी शेवटची जी वेळ जतन केली होती तीच चालू. बंद ठेवून बरेच दिवस झाले असतील तर तो मागच्या महिन्यातच असतो, आणि सुरक्षित लिंकवरच्या स्टेशनांच्या सर्टिफिकेटची तारीख जुळत नाही म्हणून तोच ती जोडायला नकार देतो. पाय 5 मध्ये घड्याळ आलंय पण त्याची छोटी बॅटरी वेगळी लावावी लागते.

यावर सॉफ्टवेअरचे उपाय आहेत. नॅससाठी एफएसटॅबच्या ओळीत ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ टाका, मग पाय चालू होताना नाद करत नाही, तुम्ही फोल्डर उघडाल तेव्हा जोडतो. मूड, व्होल्युमिओमध्ये नॅस त्यांच्या स्वतःच्या पेजवरून जोडलेला असतो, तिथे या फायलीत हात घालू नका. पण मला विचाराल तर पैसे राउटरवर घाला. राउटरसाठी 12 व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात तो लावला की राउटर पडतच नाही आणि अर्धी कटकट तिथेच संपते.

इन्व्हर्टरचं म्हणाल तर लाइट गेल्यावर तो बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो, ट्यूब-पंख्याला ते कळत नाही पण हलक्या अॅडॅप्टरमध्ये तेवढा वेळ तग धरायचा दम नसतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा स्विच किंवा सेटिंग असतं, बऱ्याच घरी तो इको किंवा नॉर्मलवर पडलेला असतो, यूपीएसवर करून बघा. तरी होत असेल तर अॅडॅप्टर चांगल्यातला घ्या, पाय 4 साठी 5.1 व्होल्ट 3 अँपियरचा. पॉवर बँक मध्ये लावायची आयडिया सुचली असेल तर बऱ्याचशा पॉवर बँका चार्जर काढल्या-लावल्याक्षणी आउटपुट एक झटका बंद करतात, म्हणजे जे टाळायचंय तेच. दुकानातच पाय लावून, चार्जर काढून-घालून बघायला दिलं तर घ्या.

प्रश्न : पाय चालू-बंद करताना स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो, स्पीकर जातील का?
— सोलापूर

उत्तर : डॅकला वीज मिळताना-जाताना त्याच्या आउटपुटवर झटका येतो, अॅम्प तो इमानदारीत मोठा करून स्पीकरला देतो. आवाज मोठा ठेवलेला असेल तर ट्विटरला चांगलं नाही. चालू करताना अॅम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना अॅम्प सगळ्यात आधी. दोघं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर एका बटणावर असतील तर वेगळे करा.

प्रश्न : पाय 5 घेतला, त्याला बटण आहे. मग आता काही करायला नको ना? बंद केल्यावर पण बोर्ड कोमट लागतो.
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बटणाचा प्रश्न मिटला, स्क्रीन नसलेल्या लाइट ओएसवर एकदा दाबलं की नीट शटडाउन होतो, परत दाबलं की चालू. डेस्कटॉप असेल तर पटकन दोनदा दाबायचं. दाबून धरून ठेवलं तर मात्र जबरदस्तीने बंद होतो, ती सवय नको.

कोमट लागतो कारण मूळ सेटिंगमध्ये शटडाउननंतरही चिपची वीज पूर्ण तुटत नाही, वॅटभर जात राहते. टर्मिनलमध्ये ‘सुडो आरपीआय-ईईप्रॉम-कॉन्फिग’ आणि पुढे ‘--एडिट’ असं लिहून उघडा, ‘पॉवर_ऑफ_ऑन_हॉल्ट’ हे 1 करा, सेव्ह करून एकदा रीबूट. मग बंद असताना जवळपास काहीच खात नाही. फक्त डॅक हॅट लावलेला असेल तर हे केल्यावर एकदा बंद-चालू करून बघा, कारण यात 3.3 व्होल्टची लाइन बंद होते आणि 5 ची चालू राहते, काही हॅटना ते पटत नाही. तुमचा त्यातला निघाला तर सेटिंग परत 0 करा आणि कोमट राहू द्या.